शाई

निपाणीच्या सात नंबर शाळेत
अक्काताईंनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं.
शाई लावणारा पोरगा थबकला.
चाळीस वर्षांच्या तंबाखूनं
नख आधीच काळं.
"दिसंल का हो?"
साहेब कन्नडमध्ये काहीतरी बोलले.
मागून तंगेव्वानं मराठीत सांगितलं,
"लाव म्हणत्यात. जास्त लाव."

घरी येऊन दोघी उंबऱ्याशी सुपं घेऊन बसल्या.
सुट्टी मताला, विड्यांना नाही.

कुणाला दिलंस, हे कुणीच विचारलं नाही.
तंगेव्वाला हवा हजारामागचा दर,
कागदावर आहे तोच हातावर.
अक्काताईंना पेन्शनचा अर्ज
स्वतः वाचता येईल असा,
आणि कारखान्यातल्या संडासाला
आतून लागणारी एक कडी.
गाव कुठल्या राज्यात असावं
यावरून जावयाशी तीनदा भांडण झालंय.
आज नको.

कट्टा बांधताना तंगेव्वा म्हणाली,
"ह्यो आला निवडून तर?"
"तर जाऊ की त्याच्या दारात."
"आन् पडला तर?"
"तर दुसऱ्याच्या. पाय हाईतच की."

रात्री भांडी घासताना
नखातली तंबाखू थोडी निघाली.
शाई तशीच होती.