येतो, येते, बरतेनि

आमच्या वडगावात पोरी ‘मी येतो’ म्हणतात.
आई म्हणते, आत्या म्हणते,
नळावर भांडणारी एकूणएक बाई म्हणते:
थांब, बघून घेतो तुला.
पुण्यात होस्टेलवर पहिल्याच रात्री खोलीतल्या तिघी हसल्या.
‘अगं, येते म्हण.’
तीन वर्षं मी येते-जाते म्हणत राहिलो
जिभेला इस्त्री करून.
सुट्टीत कोगनोळीचा नाका ओलांडला
की घडी मोडायची.

कुंदा भेटली ती परत आल्यावर.
नाव तिनंच ठेवलंय स्वतःचं.
‘मिठाईचं काय गे?’ नीलव्वानं विचारलं.
‘होय की. दूध आटत आटत
करपायच्या जरा आधी जो रंग येतो, तो माझा.’
तिचे बाबा शहापूरला शिंपी, दुकानामागंच घर.
एक नोव्हेंबरच्या आधी आठवडाभर काळे झेंडे शिवतात,
पैसे घेत नाहीत.

आठवीत असताना
जेवताना तिच्या तोंडून गेलं: मी वाढून घेते.
एवढंच.
‘तो’मधला काना गळला, मात्रा राहिली.
ताट भिंतीला जाऊन लागलं.
आम्ही पोरींनी जन्मभर काना लावला,
कुणी मान वर केली नाही.
हिनं एकदा काढला,
तर आमटीचा डाग अजून आहे.

मग ती कन्नड बोलायला लागली.
नानु बरतेनि. नानु होगतेनि.
तिथं ‘मी’ला कुणी विचारत नाही
बाई का बाप्या.
बाबांना वाटलं, पोरगं फितूर झालं.
‘तुझ्या आज्यानं लाठ्या कशासाठी खाल्ल्या?’
तिला सांगता येईना
की हे बाजू बदलणं नव्हतं,
कुत्री मागं लागल्यावर
उघडं दिसेल त्या दारात शिरणं होतं.

आम्ही आठजणं बसतो
तस्लिमाच्या मामाच्या बंद पडलेल्या मागांमध्ये.
सुताची धूळ उठते. मोठं काही बोलायच्या आत
कुणीतरी शिंकतं.
हुबळीच्या डॉक्टरची फी,
कुणाला बघायला पाहुणे येणारेत,
कुणाचा भाऊ मोबाइल तपासतो.
मार्चमध्ये ठरलं: रात्री दहाला निघायचं,
तिसऱ्या गेटापर्यंत चालायचं. काम काही नाही, नुसतं चालायचं.

ठाण्यातले साहेब म्हणाले, बॅनरवर कन्नड वर, मोठं.
मंडळाचे दादा म्हणाले, मराठी खाली? जमायचं नाही.
लिहिलंय काय, ते दोघांनीही विचारलं नाही.

खरं तर आमचंच अडलं होतं.
‘मी रात्री फिरते’ लिहिलं तर ‘फिरतो’वाला रुसला.
नीलव्वा, बैलहोंगलची,
मराठी उसनी आणल्यासारखी जपून वापरणारी, म्हणाली,
‘आम्ही म्हणा की.’
आम्ही येतो.
मी तोंडात घोळवून बघितलं.
एकट्याला गाठून मराठी विचारते, तू कोण?
घोळक्याला विचारायची तिची छाती नाही.
एवढी वर्षं व्याकरणात होतं हे,
परीक्षेला कधी आलं नव्हतं.

त्या रात्री कुंदाला न्यायला मी शहापूरला गेलो.
पिशवीत बॅनर, झेंड्यातून उरलेल्या काळ्या कापडाचं.
बाबा मशीनवर.
चप्पल घालता घालता ती म्हणाली,
मराठीत, आठवीनंतर पहिल्यांदा:
‘येते.’
मशीन थांबलं.
भिंतीकडं मी बघितलं नाही.
सुई कापडात अर्धी.
मग चाक फिरलं.
‘उशीर करू नको.’

गेट पडलेलं होतं.
मालगाडी जाईपर्यंत आम्ही दोघी ते तीन शब्द
उसवून, उलटे करून, दिव्याखाली धरून बघत होतो
कुठं काना लपलाय का.
एक सापडला, ‘नको’मधला.
तो काय,
सगळ्यांनाच लागतो.