दाराला टेकलेली काठी

तालुक्याच्या गावापासून नव्वद किलोमीटर,
त्यातले शेवटचे अकरा होडीनं.
येर्मोलाय मोटर बंद करतो,
वल्ह्यानं होडी किनाऱ्याला लावतो:
"आलं शोल्मोझेरो. चारला निघू, वारा फिरायच्या आत."
माझ्या पिशवीत वही, टॉर्च, सील करायची पक्कड,
आणि कपितोलिना अर्खिपोव्नासाठी दुकानातून दिलेले
दोन पाव, साखरेचा पुडा.

मी वीजमंडळाचा माणूस. आकडे घ्यायला येतो,
वर्षातून एकदा, जूनमध्ये,
सूर्य मावळायचं विसरून तळ्यावर रेंगाळतो तेव्हा.

सव्वीस घरं. ओंडक्यांची, राखाडी,
फटींत शेवाळ कोंबलेलं,
छपरांच्या टोकाला लाकडी घोडे, एकाचा कान तुटलेला.
कुलूप कुठेच नाही.
दाराला बाहेरून एक काठी तिरपी टेकवलेली:
म्हणजे घरात कोणी नाही,
जवळच गेलेत, सरपणाला, जाळं काढायला.
एवढाच तिचा अर्थ. चोरानंही पाळावा असा.

मी मोजतो. एकवीस काठ्या.
काहींवर दगडफूल चढलंय.
एकीच्या बुडाशी मुंग्यांचं वारूळ.
मी काठी बाजूला करतो, आत जातो,
थांबलेलं चाक पाहतो,
मागच्या वर्षीचाच आकडा यंदाच्या रकान्यात उतरवतो,
बाहेर येऊन काठी होती तशी लावतो.
सोपं काम.
सोपं म्हणूनच लवकर उरकावंसं वाटतं.

निकांद्रचं घर, शेवटून दुसरं.
सहा वर्षांपूर्वी तो मुलीकडे शहरात गेला,
तिथल्याच मातीत गेला.
काठी जागेवर. चाक थांबलेलं.
आकडा मात्र चौदानं पुढे.
मी पुन्हा टॉर्च मारतो. चौदाच.
चुलीत राख नाही, गादी गुंडाळलेली,
आणि खिडकीतल्या दिव्यावर धूळ नाही.

कपितोलिना माशाची भाकर कापते,
अख्खा मासा राईच्या पिठात, काट्यांसकट.
विचारलं तर आधी चहा ओतत राहते.
"डिसेंबरात दोनला अंधारतं.
माझ्या खिडकीतून फक्त त्याचीच खिडकी दिसते.
कुंपणावरून भांडलो होतो आम्ही,
तेवीस वर्षं अबोला.
पण दिवा दिसायचा.
म्हणून जाते. लावते. घरी येऊन बघत बसते.
झोपायच्या आधी जाऊन मालवते.
बर्फ उपसावा लागतो, तेवढंच अंग हलतं."

"आणि काठी?"

"परत टेकवतेच की.
तो घरात नाहीये. खोटं कशाला सांगू?"

रुमालाची गाठ सोडून
तिनं चौदा युनिटांचे पैसे मांडले, नाणी दोनदा मोजून.
पावती निकांद्रच्या नावानं फाडायला लावली.
"मेल्यावर थकबाकीत नको राहायला त्यानं.
जिवंतपणी काय कमी होती."

वारा फिरलाच. निघता निघता रात्रीचे अकरा.
तळ्याच्या मधोमध आल्यावर मागे पाहिलं:
सूर्य पाण्याला टेकलेला,
सव्वीसच्या सव्वीस घरांच्या खिडक्या पेटलेल्या,
एकही चाक न फिरता.
येर्मोलायला दाखवणार होतो.
तो पाठमोरा वाकून मोटरीला शिव्या घालत होता.