किसिकोच्या अलीकडे

मापुतो सोडून सहा तास.
किसिकोच्या अलीकडे टायर बसला,
आणि स्टेपनी सगळ्या सॅकांच्या खाली.

काजूवाली बाई बघत होती.
"वाळूत जॅक? रुतेल की," म्हणाली,
आणि टपरीची फळीच काढून दिली.
झाइदाने चार पुड्या घेतल्या, भाव न करता.

मी सॅका उतरवत होतो.
आबिल्योची उचलवेना.
चार दिवसांच्या समुद्राला
असं काय काय लागतं?
चेन अर्धी उघडी, आतून
लोकरीचा जाड कोट,
लेबलसकट.

इथे नारळसुद्धा घामेजलेले.

तो चाकाशी वाकून
नट मोजत होता. तीन, चार.
पाचवा सापडेना.
सगळेच वाळू चाळत बसलो,
मी जरा जास्तच सावकाश.