कार्पेट चारशे दहा

विश्रामबागेत तिसरा मजला, कार्पेट चारशे दहा.
माणसं चार आणि एक शिलाई मशीन,
त्रिशलावहिनींच्या हिशेबात तेही माणूसच.

टेप लावण्याआधी मी घड्याळ लावते.
कोण किती वाजता उठतं,
कोण किती वाजता कुणाला नको असतं,
हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते:
शीतल कुपवाडला एमआयडीसीत, आठवड्याआड रात्रपाळी,
सकाळी सातला घरी येतो तो अंधार मागत.
त्याच सातला ऋजुता उजेड मागते, दहावी आहे.
नेमगोंडाअण्णा पहाटेपासून जागे.
मंदिरातून आलो की एक खुर्ची पुरे, म्हणतात,
पण खिडकीशी.
मशीन दुपारचं चालतं. शेजारणींच्या साड्या, फॉल, पिको.

भिंत बांधायला पैसे पडतात, पाडायला त्याहून जास्त,
म्हणून मी भिंतींऐवजी वेळा आखल्या.
अंधाराला दुहेरी पडदा दिला.
पलंग भिंतीत जातो.
कपाटाचं दार रात्री आडोसा, सकाळी इस्त्रीचं टेबल.
लग्नसराईत इचलकरंजीची नणंद येते, दोन पोरं घेऊन,
त्यांच्यासाठी फक्त जमीन मोकळी ठेवली.
सतरंजीला डिझाइन लागत नाही.

ह्या घरात दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात.
सूर्य गेला की ओटा गप्प.
म्हणजे सातनंतर सहा फूट बाय दोन ग्रॅनाइट
कुणाचंच नाही!
मिरजेच्या दस्तगीरनं त्यावर सागाची फळी सरकवली,
वर दिवा,
आणि ऋजुताची भूमिती शेगडीच्या डोक्यावर सुरू झाली.
"जळायचं नाही ना?" अण्णा.
"काय, फळी का प्रमेय?" ती.

दस्तगीरचे वडील सतारी करायचे, तो कपाटं करतो.
बिजागरी लावण्याआधी फळीला कान देतो,
बोटानं टक करतो,
म्हणतो, मॅडम, आतली पोकळी बोलली पाहिजे,
नाहीतर नुसतं खोकं.
मी म्हटलं, पोकळी परवडत नाही रे आपल्याला.
त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.

जिन्यात त्रिशलावहिनी हळूच म्हणाल्या,
"सगळं झालं. पण रुसायचं कुठं?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
रात्री नकाशा पुन्हा पसरला.
प्रत्येक कोपऱ्याला मी दोन-दोन कामं लावली होती,
सुट्टी एकालाही नव्हती.
ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन उचलून न्हाणीत नेलं.
उरली अडीच फूट जागा, कठडा, एक स्टूल,
दाराला कडी. आतून.
नकाशावर 'युटिलिटी' असंच लिहिलं.

मागच्या आठवड्यात बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून गेलो.
पलंगाखाली मी दोन लांब कप्पे दिले होते, चौदा घनफूट,
मला त्यांचा भलता अभिमान.
ओढले. रिकामे.
वरची कपाटं मात्र ठासून भरलेली, दार लागत नव्हतं:
गाद्या, हळदीचे डबे, ऋजुताच्या पहिलीपासूनच्या वह्या,
छताला टेकलेली एक ट्रंक.
"अण्णा, खाली का नाही ठेवत काही?"
"खाली नको."
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.
एकोणीस साली हे लोक मारुती चौकाजवळ होते, तळमजल्याला.
पाणी कपाटाच्या चौथ्या फळीला थांबलं होतं.

"अण्णा, हा तिसरा मजला आहे. इथवर यायचं म्हटलं तर…"
"माहितीये की," ते म्हणाले.
"मला माहितीये. हाताला कोण सांगणार?"

दस्तगीर बिजागरीत तेल सोडत होता.
बाटली खाली ठेवून तो वाकला,
रिकाम्या कप्प्यावर बोटानं टक केलं
आणि माझ्याकडे बघितलं.