खोलीचा आवाज

डुलुथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
एका लाकडी घरात आम्ही पाच जण सिनेमा करत होतो.
पैसे तिघांपुरते होते.
गोष्ट अशी, की एक नवरा-बायको काडीमोड घेतात
आणि लोक हसतात.
लिहिली सायमाने. नायिका सायमा. घरही सायमाचं,
म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं वेंडेलचं,
आणि नायकही तोच, कारण तो फुकट होता
आणि त्याची सोळा वर्षं तालीम झालेली होती.
दिग्दर्शक तिचा भाचा, तोइवो, वय बावीस.
लग्नाबद्दल त्याला सगळं माहीत होतं.

माझ्याकडे आवाज.
लांब काठीला माईक, कानावर हेडफोन,
आणि त्या दोघांच्या कॉलरखाली एकेक बटणाएवढा माईक,
जो "कट" म्हटल्यावरही ऐकत राहतो.
बंद करायला हवा होता. नाही केला.

पटकथेत ती ओरडते, तू माझं कधी ऐकलंच नाहीस,
आणि तो बशी फोडतो.
बशा तीनच होत्या. तिसऱ्या टेकला
त्याने ती अलगद टेबलावर ठेवली,
ते जास्त भयंकर दिसलं.
मग कट, आणि माझ्या कानात:
"हीटरचा फिल्टर दोन महिन्यांनी बदलत जा.
बाण आतल्या बाजूला. उलटा बसवू नकोस."
"माहीत आहे."
"मागच्या वेळी उलटा होता."
"मागच्या वेळी तू बसवलास, वेंडेल."
बराच वेळ काही नाही.
"हं. मीच."

बंदरात खनिजाचं जहाज शिरलं की भोंगा देतं,
एक लांब, दोन आखूड,
आणि वर उचलला जाणारा पूल तसंच उत्तर देतो.
दर वेळी आमचा शॉट वाया.
सायमा म्हणाली, बघा,
लोखंडालासुद्धा हाकेला ओ देता येते.
हे पटकथेत नव्हतं. ठेवलं.

वकिलासाठी नटी परवडेना,
म्हणून त्यांची खरीच वकीलबाई आली, मिस ओस्टरगार्ड,
बर्फाचे बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर.
काम झकास केलं. तासांचं बिलही लावलं.
सहीचा प्रसंग अकरा टेक चालला.
प्रिंटरची शाई संपलेली, खोटे कागद सहाच,
सातव्या टेकला कुणीतरी खरे पुढे सरकवले.
कुणी, ते मला सांगता येणार नाही.
हेडफोनमध्ये खऱ्या-खोट्या कागदाचा आवाज एकच येतो.
"पुन्हा, मामा. जरा कमी दुःखी."
"पुन्हा. मावशी, हात थरथरतोय."
नवव्याला कॉफी सांडली.
पुढच्या आठवड्यात कोर्टातून कागद परत आले:
एकाच रेघेवर दोघांच्या पाच-पाच सह्या,
तपकिरी डाग,
आणि कारकुनाची चिठ्ठी, कृपया एकदाचं ठरवा.

शेवटच्या दिवशी खोलीचा आवाज घेतला.
तो प्रत्येक जागेचा घ्यावा लागतो. तीस सेकंद
सगळ्यांनी असू तिथे उभं राहायचं, गप्प.
पुढे बोलण्यामधल्या भेगा त्याने लिंपायच्या असतात.
फ्रीज बंद केला, हीटर बंद, मांजर बाहेर.
एकोणिसाव्या सेकंदाला सायमाचं पोट गुरगुरलं,
एकदा लांब, मग दोनदा आखूड.
वेंडेलने ओठ आवळले. ते आवळणंही मला ऐकू आलं.
मग नाकातून निसटलेलं हसू,
तिचं की त्याचं, कोण जाणे;
दोन बटणं इतकी जवळ आली होती
की आवाज वेगळे होईनात.

नियमाने ते पुन्हा घ्यायला हवं होतं.
तोइवोने माझ्याकडे पाहिलं.
मी बोट वर केलं: चालू आहे.

सिनेमात ते दोघं जिथे जिथे बोलत नाहीत,
तिथे हेच तीस सेकंद भरलेत,
इतके हळू की थिएटरात कुणाला कळणार नाही.
पोट तेवढं कापलं.