समासातली पेन्सिल

दर दुसऱ्या मंगळवारी वाचनालयाची बस घेऊन
मी उत्तरेकडे निघते. नव्वद किलोमीटर, अकरा थांबे.
लापलँडमध्ये नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवे लावावे लागतात
आणि रेनडियर मधोमध उभे राहतात,
रस्ता जणू त्यांच्या बापाचा.

मागच्या फळ्यांवर सगळे खून.
सगळ्यात जास्त तेच जातात.
तुओवी पायरी चढता चढताच विचारते,
"एखादा बरा खून आहे का गं?
मागचा फार रेंगाळला.
आणि कुत्रं मारलेलं नको हं,
माणसं किती का मरेनात."
आतोस ऐंशीचा, जन्मभर झाडं तोडलेला,
शेवटचं पान आधी वाचतो.
म्हणतो, या वयात अर्धवट सोडून जायला नको.
पाद्र्याची विधवा फक्त विषं नेते.

मी कुणाला नावं ठेवत नाही.
पारा उणे तीसला गेला
की कुणीतरी शेवटी पकडलं जातं
एवढ्यावर झोप लागते माणसाला.

खऱ्या खुनांची पुस्तकं खालच्या फळीवर,
गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत.
त्यातलं एक आमच्याच तळ्याचं.
एकाहत्तरचा उन्हाळा. मुखपृष्ठावर धुकं,
नाव लाल अक्षरांत.
लेखक राजधानीचा, इथे तीन दिवस राहून गेलेला.

ते हिल्का नेते. वर्षातून एकदा, ऑगस्टात.
पंधरा दिवसांनी परत आणते
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासे आणावेत तसं.
मी कधी काही विचारलं नाही.

मग एका फेब्रुवारीत बस बर्फात रुतली.
ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास.
हीटर चालू ठेवून मी ते पुस्तक उघडलं.

समासात पेन्सिल. बारीक, शाळकरी अक्षर.

पान एक्केचाळीस: सायकल निळी नव्हती.
आणि तिची नव्हती. माझी होती.

पान अठ्ठावन्न: आई किंचाळली नाही.
आईने चुलीवरची कॉफी उतरवली, मग बसली.

पान त्रेसष्ट, जिथे तो लिहितो
की मुलगी अंधाराला भीत असे:
मी भीत असे.

पान नव्वद: तिला पोहता येत होतं.
इथे पेन्सिल इतकी दाबलेली
की एक्क्याण्णववर बोटाला लागते.

खुन्याच्या बालपणाला चाळीस पानं.
तिथले समास कोरे.
फक्त प्रकरण संपतं तिथे, अगदी खाली:
आमचाही बाप प्यायचा.

नियम आहे, पुस्तकात लिहिलं तर दंड.
माझ्या खणात खोडरबर असतो.
कादंबऱ्यांत कुणीतरी पान तीसवरच
'खुनी डॉक्टर आहे!' लिहून ठेवतं,
ते मी शिव्या घालत खोडते.
हे खोडलं नाही.
ट्रॅक्टर आला तेव्हा पुस्तक
पोस्टाच्या थैलीखाली लपवलं, का कोण जाणे,
ट्रॅक्टरवाल्याला काय पडलं होतं.

यंदा मुख्य कार्यालयाची यादी आली,
रद्दीत काढायची पुस्तकं.
कारणाच्या रकान्यात: दहा वर्षांत एकच वाचक.
मी ते माझ्या नावावर घेतलं.
मुदत वाढवली. पुन्हा वाढवली.

ऑगस्टात हिल्का आली. तारखांचा कागद बघितला.
"कुणी नेलं होतं?"
"मी."
तिने पुस्तक काउंटरवरच ठेवलं, उघडलं नाही.
बोटं निळी झालेली, बेरी वेचून आली असावी.
बराच वेळ मागच्या फळ्यांकडे बघत राहिली,
तिकडे ती कधी वळली नव्हती.
मग म्हणाली,
"यातलं एखादं दे.
ज्यात सगळं खोटं आहे असं."

मी वरच्या फळीकडे हात नेला.
कुठलं द्यावं कळेना.
मागून तुओवी म्हणाली,
"कुत्रं मरतं का, ते तिला आधी सांग."