यौमेन

सोहारच्या गोदामात अरबाब म्हणतो, "यौमेन."
दोन दिवसांत पगार.
शब्बीर मुकादम, आमच्या गुहागरचा, समजावतो:
अरबीत दोनासाठी शब्दाला वेगळं शेपूट,
दोन म्हणजे दोनच, तिसऱ्याला जागा नाही.
आज सव्विसावा दिवस.

फोनवर मीही तसलाच.
दोन घास खाल्ले म्हणतो
(खुबूस सहा, वर डाळ),
दोन पैसे गाठीला लागू देत,
मग येतोच.
सुहासिनी म्हणते, तुझं दोन मला ठाऊक आहे.
गेलास तेव्हा विहिरीजवळचा माड गुडघ्याएवढा होता,
काल त्याचं पहिलं शहाळं उतरवलं.

गोड निघालं का, विचारायचं राहिलं.

"बोल की दोन शब्द."
बोललो. मोजून दोन.
"बरं. ठेवतो."